भौतिक व रासायनिक गुणधर्म
पदार्थ मूळचाच राहून जे गुण पाहता-मोजता येतात ते भौतिक. त्याचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर होतानाच जे कळतात ते रासायनिक. उदाहरणादाखल अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल पाहावी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा सुमारे 61 मीटर उंच कातळ. या बेसाल्ट खडकाचा काळा रंग, कठीणपणा, पाण्याच्या जवळपास तिप्पट घनता हे भौतिक गुण. थिजलेला रस निवताना आकसला, तडकला आणि उभे बहुकोनी खांब तयार झाले. हा बदलही भौतिकच. हवा-पाण्याने खडकातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन पृष्ठभाग तांबूस होतो, तो मात्र रासायनिक. रंगावरून घाईने निवाडा करू नये: पावसात भिजलेला कातळ गडद दिसतो, वाळला की पूर्ववत. खाणकामाने व बांधकामांनी ही टेकडी चहूबाजूंनी कोरली गेली आहे. उरलेली जपायलाच हवी.