शस्त्रक्रियेपूर्वी 'रक्त पातळ करणारी' औषधे

रक्त पातळ करणारी म्हणून ओळखली जाणारी औषधे प्रत्यक्षात रक्त पातळ करीत नाहीत. ती गुठळी होण्याची क्रिया रोखतात. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी ती चालू राहिल्यास अतिरक्तस्रावाचे भय, आणि अविचाराने बंद केल्यास पक्षाघाताचे.

वॉरफेरिनचा प्रभाव सावकाश ओसरतो. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ते साधारणतः ५ दिवस आधी थांबवून 'आयएनआर' ही रक्ततपासणी केली जाते. हा आकडा १.५ च्या खाली असणे अपेक्षित असते. अपिक्साबानसारख्या नव्या औषधांना बहुधा १ ते २ दिवस पुरतात. डॅबिगाट्रान मात्र मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असल्यास अधिक अवधी लागतो.

मधल्या काळात हेपरिनची इंजेक्शने देण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांवरील 'ब्रिज' चाचणीत (२०१५) त्यामुळे गुठळ्या कमी झाल्या नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. धातूची कृत्रिम झडप असलेल्यांचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

एखादा दात काढण्यासाठी तर ही औषधे बहुधा थांबवावी लागतच नाहीत. तरीही काही रुग्ण ती परस्पर बंद करतात. नुकताच स्टेंट बसविलेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल असे सोडल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन ते जिवावर बेतू शकते.