धुरंधरांच्या चित्रांतली मुंबई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतले सणवार आणि रोजचा संसार ज्यांनी चित्रांत आणला, त्यांत महादेव विश्वनाथ धुरंधर हे प्रमुख नाव. त्यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. समाज मात्र मुंबईचे जुने रहिवासी असलेल्या पाठारे प्रभूंचा. जानेवारी १८९० मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

ही शाळा १८५७ साली सुरू झाली, ती जमशेटजी जिजीभॉय यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीमुळे. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून त्यांनी ही संपत्ती मिळवली होती. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे वाहू लागला. बंदराच्या पैशाबरोबर शहरात चित्रांचे शौकीनही वाढले. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली.

शाळेचे तंत्र विलायती होते: प्रत्यक्ष माणूस समोर बसवून रेखाटन, यथार्थदर्शन, छायाप्रकाश. धुरंधरांनी ते आत्मसात केले, पण विषय निवडले ते घरचे. परक्या चित्रकाराला बाजारात रंगीबेरंगी गर्दी दिसे; धुरंधरांना त्या गर्दीतला एकेक जण ओळखू येई. पगडीची घडण, लुगड्याचा कासोटा, नथ, कोळणीची गुडघ्यापर्यंतची नेसण यांवरून त्यांच्या चित्रातली माणसे आपली जातजमात सांगतात. लग्नविधी, पूजा, पाणवठा, बाजार हे विषय ते पुन्हा पुन्हा हाताळत. १८९५ साली ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

काळही मोठा विलक्षण होता. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि घरातला देव चारचौघांत आला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला आणि लोक शहर सोडून पळू लागले. धुरंधरांच्या सणांच्या मुंबईत ही दहशत शोधू नये. ती चित्रे दस्तऐवज म्हणून वाचताना एवढे भान ठेवावे. वेशभूषा, दागिने आणि रीतिरिवाज यांच्याबाबत मात्र त्यांच्याइतकी भरवशाची साक्ष क्वचितच मिळते.

१९३० मध्ये धुरंधर याच शाळेचे पहिले भारतीय प्रभारी संचालक झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० साली प्रसिद्ध झाले.