चाक आणि चाकोरी

बैलगाड्या एकाच वाटेनें पुन्हा पुन्हा गेल्या म्हणजे मातींत चाकांचे दोन खोल चर पडतात. त्यांनाच चाकोरी म्हणतात. पावसाळ्यानंतर माती वाळली कीं गाडीवानानें कासरा सैल सोडला तरी गाडी वाट चुकत नाहीं. मात्र ती बाहेर काढावयाची तर बैलांना सारें बळ लावावें लागतें. ठरीव आयुष्यक्रमालाही चाकोरी म्हणतांना मराठी भाषेनें हे दोन्ही गुण ध्यानांत ठेविले आहेत. चाकोरी सोय करते आणि बांधूनही ठेवते.

पेण व रोहें हे पूर्वीच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यांतील तालुके. पेण तालुक्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहरी भावे जन्मले. रोहें ज्यांना अभिमानानें आपले म्हणतें, ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजीं रायगडाजवळच्या नातें गांवीं जन्मले. दोघेही बुद्धिमान, आणि त्या काळीं बुद्धिमान मुलाची चाकोरी ठरलेली होती: परीक्षा, पदवी, सरकारी नोकरी.

१९१६ च्या मार्चमध्यें भावे बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईच्या आगगाडींत बसले. रुळांची चाकोरी तर लोखंडाची! ते सुरतेसच उतरले आणि काशीस गेले. पुढें विनोबा म्हणून त्यांनीं दुसरेंच चाक हातीं घेतलें, चरख्याचें. आणि १९५१ पासून भूदानासाठीं वर्षानुवर्षें देश पायीं तुडविला.

देशमुखांनीं चाकोरी सोडली नाहीं. तिच्या अखेरच्या टोकापर्यंत ते गेले. १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनीं जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. मग केंब्रिज, आय. सी. एस., आणि १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचें गव्हर्नरपद. त्या पदावरील ते पहिलेच हिंदी गृहस्थ. १९५० पासून ते अर्थमंत्री होते. परंतु महाराष्ट्रापासून मुंबई अलग ठेवण्याचें ठरतांच, १९५६ सालीं, त्यांनीं त्या पदाचा त्याग केला.

एकानें विशीच्या उंबरठ्यावर चाकोरी सोडली, दुसऱ्यानें साठीला आल्यावर. १९८२ सालीं थोड्या आठवड्यांच्या अंतरानें दोघेही निवर्तले. चाकोरीनें चालणें हा दोष नव्हे; राज्यकारभार व संसार तिच्यावरच चालतात. प्रसंग येतांच चाक बाहेर काढण्याचें बळ अंगीं उरलें आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.