कवटीचा तळ आणि छप्पर

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून आगाशीकडे येणाऱ्या मासळींत मुशीही असते. मत्स्याहारी असोत वा नसोत, वाचकांनीं तिच्या डोक्याकडे एकदां जिज्ञासेनें पाहावें, अशी आमची विनंती आहे. त्यांत हाड मुळींच नाहीं. आपल्या कानाचा वरचा भाग ज्या लवचिक कूर्चेचा असतो, तसल्याच कूर्चेची एक अखंड पेटी तिच्या मेंदूभोंवतीं असते. दोन्ही जबडे त्या पेटीखालीं निराळे टांगलेले असतात.

मनुष्याच्या कवटींत हाच आराखडा दडलेला आहे. गर्भावस्थेंत तिचा तळ प्रथम कूर्चेचा होतो व मागाहून त्याचें हाड बनतें. छपराचीं हाडें मात्र कूर्चेवांचून पातळ पडद्यांतच तयार होतात. त्यांचें मूळ प्राचीन माशांच्या कातडींतील कवचाकडे जातें. तान्ह्या बाळाची जी टाळू आई तेलानें भरते, ती या छपरांतील अजून न मिटलेली फट होय.

हें उकलण्यास विद्वानांस पुष्कळ काळ लागला. १७९० सालीं व्हेनिस येथें मेंढीची कवटी पाहून जर्मन कवि गटे यांस वाटलें कीं, कवटी म्हणजे रूप पालटलेले मणकेच. १८०७ सालीं ओकेन यांनीं हेंच मत मांडलें, व इंग्लंडांत ओवेन यांनीं तें उचलून धरलें. कल्पना मोहक खरी; परंतु ती तयार हाडांच्या साम्यावर उभी होती. हक्स्ले यांनीं १८५८ सालच्या व्याख्यानांत हाड गर्भांत कसें घडतें, हें पाहण्याचा आग्रह धरला. कवटीचा पुढील भाग मणक्यांच्या रीतीनें घडत नाहीं, असें दिसतांच तो सिद्धांत कोसळला. तथापि मानेकडील भाग मणक्यांस जन्म देणाऱ्या गर्भखंडांतूनच होतो, हें पुढें ठरलें. कवीची दृष्टि अगदींच वायां गेली नव्हती.

आपल्या महाराष्ट्रांतही अशी एक पेटी सांपडली आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव येथील एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरच्या मेंदूच्या पेटीचें वर्णन बर्मन व जैन यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलें. चेहऱ्याचीं नाजूक हाडें सहज विखुरतात. ही जाड, सांधलेली पेटी टिकते, आणि मज्जातंतूंच्या छिद्रांवरून त्या प्राण्याचें कुळ शोधतां येतें. तेव्हां त्या बाजूस हाडासारखा दगड नांगरास लागला, तर तो फोडण्यापूर्वी जाणत्यास दाखवावा, हें बरें. एकदां फुटलेली साक्ष पुन्हां मिळत नाहीं.