बहिणीला लिहिलेली पत्रं



विमानाचा शोध राइट बंधूंनी लावला, हे आपण शाळेत पाठ केलं. त्यांना एक बहीण होती, हे मात्र मी शाळेत कधी ऐकलं नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेटन हे त्यांचं गाव. विल्बर आणि ऑर्विल तिथे सायकलींचं दुकान चालवत. कॅथरीन शेंडेफळ, हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवायची. आई १८८९ सालीच क्षयाने गेली होती, त्यामुळे घरही तीच बघायची.

१९०० सालापासून भाऊ प्रयोगांसाठी दूर समुद्रकाठी, किटी हॉकला जाऊ लागले. तिथला वारा, वाळू, डास, जेवणाचे हाल, सगळं ते कॅथरीनला लिहून कळवत. ती पत्रं घरात जपली गेली. ऑर्विल १९४८ मध्ये वारले. पुढच्या वर्षी ही पत्रं, वह्या, डायऱ्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेल्या. सोबत फोटोंच्या सुमारे ३०० काचेच्या निगेटिव्ह. १९१३ च्या महापुरात या काचा पाण्याखाली होत्या. १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाची काच वाचली, कोपरा तेवढा खराब झाला.

त्या दिवशीची तारही गंमतीची आहे. सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं, तारेत झाले ५७. ऑर्विलचं नावही चुकलं! नाताळला घरी येतो, हेही त्यात होतं. वडिलांनी वाचून ती कॅथरीनच्या हाती दिली आणि ती थोरल्या भावाकडे, लॉरिनकडे गेली. बातमी पेपरात द्यायची होती ना.

कॅथरीनने विमानाचे पंख शिवले, असंही लोक सांगतात. कागदपत्रांत तसं नाही. शिवण भावांनीच केली. १९०० च्या ग्लायडरचं, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाचं, सॅटीनचं कापड नीट करायला विल्बरने किटी हॉकच्या टेटबाईंचं शिलाई मशीन मागून घेतलं होतं. प्रयोग संपल्यावर ग्लायडर तिथेच टाकलं. टेटबाईंनी ते चांगलं कापड वाया जाऊ दिलं नाही. लेकींना झगे शिवले!

मग कॅथरीनने काय केलं? सप्टेंबर १९०८ मध्ये ऑर्विलचं विमान कोसळलं. सोबतचे लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले, ऑर्विलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. शाळेतून रजा घेऊन ती धावली आणि जवळजवळ सात आठवडे इस्पितळात त्याच्या उशाशी राहिली. पुन्हा शिकवायला ती कधीच गेली नाही. सोडलेली नोकरी कुठल्या निगेटिव्हवर उमटत नाही. मला वाटतं, पंख शिवल्याच्या खोट्या कौतुकापेक्षा हे कितीतरी मोठं आहे.

विल्बर १९१२ मध्ये विषमज्वराने गेला. पुढे १९२६ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कॅथरीनने हेन्री हॅस्केल या जुन्या मित्राशी, एका पत्रकाराशी, लग्न केलं. ऑर्विल लग्नाला आला नाही. बोलणंही टाकलं. १९२९ मध्ये न्यूमोनियाने ती अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा कुठे तो भेटायला आला.

लग्नाआधी तिने हेन्रीला लिहिलेली पत्रंही राहिली आहेत, पण भावांच्या कागदांत नाहीत. ती मिझुरी राज्यातल्या दप्तरखान्यात आहेत. ऑर्विलला हे सांगायचं कसं, याची धास्ती त्यांत पुनःपुन्हा येते.