घुगरी-टोपली

लमाणी (बंजारा) समाजातील विवाहित स्त्रियांचा चांदीचा केशालंकार. कानशिलांजवळच्या केसांच्या बारीक वेण्यांत गुंफून तो दोन्ही गालांवर सोडतात. टोपली हा पोकळ, घुमटासारखा भाग आणि घुगरी म्हणजे बारीक घुंगरांचे झुबके. दोन्ही बरोबरच वापरण्याची रीत असल्याने नावही जोडीने घेतले जाते. गोरबोलीत (बंजारा बोलीत) ‘घुगरी’ एवढेच म्हटले तरी ऐकणाऱ्याला सगळे कळते.

हा दागिना कानात नसतो, केसात असतो. फोटो पाहून पुष्कळजण त्याला कर्णफूल समजतात. केसांच्या मुळांवर भार येऊ नये म्हणून दोन्ही बाजू डोक्यावरून जाणाऱ्या दोरीने किंवा साखळीने सांधलेल्या असतात. टुकरी (ओढणी) घेतली की ही दोरी झाकली जाते. जुनी घुगरी तळहातावर घेतली तर गालाकडची बाजू घासून गुळगुळीत झालेली दिसते, बाहेरच्या बाजूची नक्षी मात्र शाबूत असते. घुंगरांच्या कड्यांजवळ डाक लावल्याचे राखाडी ठिपकेही सापडतात. घुंगरू गळाले की ते बाजारच्या दिवशी सोनाराकडे न्यायचे. नवी जोडी घडवण्याचा विचार सहसा कोणी करीत नसे.

कुमारिकेने घुगरी घालायची नाही. लग्नात ती चढते आणि वैधव्यात उतरते. दंडावरच्या चुडो या बांगड्यांचेही तसेच. म्हणजे मंगळसूत्र जे गळ्यात सांगते, ते लमाणी बाई केसांतून सांगत असे, आणि तेही आवाजासकट. डोक्यावर खैराच्या लाकडाची सुमारे सहा इंचांची काठी उभी करून त्यावरून ओढणी घेण्याची चालही होती. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. हासली, भुरिया, वांक्या, कोल्डा हे बाकीचे दागिने. चुडो पूर्वी हस्तिदंती असे. 1986 नंतर देशी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. आता तो प्लास्टिकचा असतो.

चांदीच का, याचे उत्तर धंद्यात आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणाऱ्या या लोकांना जमीन नव्हती, पेढी नव्हती. बायकोच्या अंगावरचे भार हीच त्यांची ठेव. नाण्यांचे हार याच हिशेबाने आले. राणीछाप रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात 91.7 टक्के चांदी, त्यामुळे कस लावण्याची गरजच नसे. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये ती संपली, आणि जुन्या रुपयांचे हार आपोआप महाग झाले. त्याच्या कितीतरी आधी रेल्वे आली होती, बैलांचे तांडे बसले होते. 1871 च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. मधल्या पडत्या काळात किती घुगऱ्या वितळल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

घुगरी आता कुठे दिसते, हे एका रस्त्यावर पाहता येते. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातले तिसगाव कल्याण-निर्मल महामार्गावर आहे. जवळच कानिफनाथांचे देवस्थान असलेले मढी गाव आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथली यात्रा चालते आणि तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. गाढवांचा बाजार आणि जातपंचायती यांसाठी ती प्रसिद्ध होती. वैदू, गोपाळ, कैकाडी अशा अनेक जमाती इथे उतरत. लमाणी वस्ती मात्र बीड-गेवराईकडच्या तांड्यांवर जास्त आहे, आणि तिथून ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या टोळ्या हा रस्ता दरवर्षी पाहतो. फडात कोयता चालवताना गालावर झुबके परवडत नाहीत. तिथे घुगरी दिसली तर ती म्हाताऱ्या बाईच्या कानशिलाशी.

घुगरीचा दूरचा सोयरा वाटावा असा मध्य आशियातला तुर्कमेनी दागिना. तेके आणि योमुत या टोळ्यांत वेण्यांच्या पाठीवर हृदयाच्या आकाराचा ‘आसिक’ लोंबतो. कुमारिकेच्या टोपीवर ‘गुपबा’ नावाचा घुमटाकार शिखर-दागिना असतो, तर विवाहितेच्या कपाळावर ‘एग्मे’ हा मुकुट. चांदीवर सोन्याचा मुलामा आणि त्यात लाल अकीक अशी ती घडण. घुगरीत मुलामाही नाही, खडाही नाही. चांदी आणि घुंगरू एवढ्यावरच भागते. रूप मिळतेजुळते आहे म्हणून दोघांचे मूळ एक, असे मात्र म्हणता येत नाही. घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाने किंमत डोक्यावर नेली, एवढेच साम्य नक्की.

हल्ली सराफाकडे जुनी जोडी मोड म्हणून तोलली जाते. नक्षीला दाम नाही. तोलण्याआधी लाख-माती काढून टाकतात आणि तूट धरून चांदीचा भाव देतात. तांड्यावरच्या लग्नात आणि होळीच्या नाचात दिसते ती बहुधा जर्मन सिल्व्हरची. ती तांबे, निकेल व जस्ताची असते, म्हणजे चांदी फक्त नावापुरती. तिच्यातही घुंगरू असतात, पण आवाज पातळ येतो. ऐकणाऱ्या आज्या फरक लगेच ओळखतात.