महाराजांचा वकील आणि जमादाराची विहीर

बडोद्याच्या इतिहासात विषप्रयोगाच्या खटल्याइतके गाजलेले प्रकरण क्वचितच सापडेल. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल व हिऱ्याची पूड घातल्याचा बोभाटा झाला आणि संशय थेट मल्हारराव महाराज गायकवाड यांच्यापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी १८७५ मध्ये सहा जणांचे कमिशन बडोद्यास बसले. त्यात तीन इंग्रज होते. उरलेले तिघे म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव.

सरकारतर्फे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल उभे राहिले. महाराजांनी आपल्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन या नामांकित कायदेपंडितास पाचारण केले.

या कथेतील राजा सर्वांच्या परिचयाचा आहे. आज आपण तिच्यातील नोकरांकडे पाहू. रावजी हा रेसिडेन्सीतील हवालदार, तर नरसू हा जमादार. रावजीला माफीचे वचन देऊन त्याचा कबुलीजबाब घेण्यात आला. नरसूला तर तेवढेही वचन नव्हते. जबाब दिल्यानंतर त्याने विहिरीत उडी घेतली. तो वाचला आणि पुढे कमिशनसमोर साक्षीस उभा राहिला. माणूस कशास भ्याला म्हणजे विहीर जवळ करतो, हे सांगावयास नको. अशा वेळी काय बोलावे, कोठे गप्प राहावे, हे समजावून सांगणारा सल्लागार त्या गरिबाच्या शेजारी नव्हता.

बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत नेमके हेच जबाब हाती घेतले. ते पोलिसांच्या ताब्यात असताना दिले गेले होते, याकडे त्यांनी कमिशनचे लक्ष वेधले. रावजीच्या कमरपट्ट्यात पोलिसांना सापडलेल्या सोमलाच्या पुडीविषयीही त्यांनी शंका उपस्थित केली. अखेर कमिशनमध्ये फूट पडली. इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी मानले, हिंदी सदस्यांनी मात्र आरोप शाबीत झाल्याचे मानले नाही. कुशासनाचे कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले. तेव्हा वकिलाने गादी राखली असे नव्हे. परंतु पुरावा कसास लावल्याविना स्वीकारला जाऊ नये, एवढे त्याने निश्चित साधले.

महाराजांना जे मिळाले ते नरसूला का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर सापडावयास शंभर वर्षे लागली. आणि त्या उत्तराची वाट याच प्रदेशातून गेली. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांच्या कायदेविषयक साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. गुजरात स्वतंत्र राज्य झाल्यावर १९७० मध्ये तेथेही अशीच समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते गुजरातचे मुख्य न्यायाधीश प्रफुल्लचंद्र भगवती, म्हणजे नटवरलालांचेच चिरंजीव. पित्याने हाती घेतलेला प्रश्न पुत्राकडे आला.

१ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सेशन कोर्टातील निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने वकील देणे बंधनकारक केले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेसाहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९-अ या रूपाने संविधानात आले. पुढे प्रफुल्लचंद्र भगवती भारताचे सरन्यायाधीश झाले. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात त्यांनी असा निर्णय दिला की, आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही; तो हक्क त्यास सांगणे हे न्यायालयाचेच काम आहे. वकिलाविना झालेली ती शिक्षा रद्द ठरली.

आज कायद्याच्या पुस्तकात उणीव फारशी नाही. कोठडीतील माणसास, त्याची मिळकत कितीही असो, मोफत वकील मागता येतो. सरकारी वकिलाप्रमाणे पूर्णवेळ बचाव-वकील नेमण्याची योजनाही २०२२ पासून सुरू झाली आहे. मात्र वकील नावापुरता मिळणे निराळे आणि त्याने कागद वाचून, अशिलास भेटून, उलटतपासणीस सिद्ध होऊन उभे राहणे निराळे. बॅलंटाइन यांची बिदागी सर्वांना देता येणार नाही. परंतु त्यांची तयारी मागण्याचा अधिकार गरिबातल्या गरिबासही आहे. न्यायाची परीक्षा महाराजांच्या खटल्यात होत नसते. ती नरसूच्या विहिरीपाशी होते.